किबोवरून घर दिसत नाही

मंकावहिनी लग्न होऊन मारांगूला आमच्या घरी आली तेव्हा माझा दादा, एलिसारिया, किबोच्या डोंगरावर परक्या लोकांची ओझी वाहायचा. पुढे तो गाईड झाला, मग गाईडांचा मुकादम झाला, आणि कुठकुठल्या देशांतले लोक त्याचं नाव विचारत गावात यायला लागले. वहिनीच्या लेखी फरक एवढाच पडला की पूर्वी तो खाली उतरला की दोन दिवस झोपायचा, आणि आता खाली उतरला की दोन दिवस बोलायचा. "झोपायचे तेच बरं होतं," असं ती मला हळूच म्हणायची.

मी दादाची धाकटी बहीण. नवऱ्याने दुसरी आणली तेव्हा मी माहेरी परत आले. दादाने वाडीच्या खालच्या अंगाला, पाटाच्या कडेला, मला दोन खोल्या बांधून दिल्या. भाऊ जागा देतो, पण भावजय राहू देते का, ते कुठल्याही परत आलेल्या बाईला विचारा. वहिनीने मला पहिल्याच सकाळी हाक मारून उठवलं आणि केळीचा घड माझ्या डोक्यावर ठेवला. "रडायचं असेल तर बाजारातून आल्यावर रड," म्हणाली, "आज सोमवार आहे." तेव्हापासून आम्ही दोघी बाजारात शेजारी शेजारी बसायला लागलो. जीभ तिची तिखट होती. गिऱ्हाईक केळं दाबून दाबून बघायला लागलं की ती म्हणायची, "दाब, दाब. घरच्या बाईचा गाल कधी एवढ्या मायेने दाबलास का?" गिऱ्हाईक हसायचं आणि घड उचलायचं.

त्या दोघांना एक मुलगी, हाइका. ती आता दोदोमाला शाळेत शिकवते. तिच्या पाठीवर एक मुलगा झाला होता, एलियुद. नुकता रांगायला लागला होता तेव्हा तापाने गेला. दादा त्या वेळी वर होता, किबोच्या पायथ्याशी जी शेवटची दगडी झोपडी आहे तिथे. तेव्हा कुणाकडे फोन नव्हते. निरोप घेऊन माणूस चढत गेला, दादा धावत उतरला, पण तोवर केळीच्या बुंध्याशी पोराला माती देऊन झाली होती. वहिनीने दादाला त्याबद्दल एका शब्दाने बोल लावला नाही. तो विषयच त्या घरात पुन्हा निघाला नाही. फक्त तेव्हापासून ती डोंगराला 'सवत' म्हणायला लागली. सकाळी ढग फाटून किबोचं पांढरं डोकं दिसलं की अंगण झाडता झाडता म्हणायची, "उठल्या बाईसाहेब. आता बोलावणं येईल आमच्या माणसाला."

लोकांना ती थट्टा वाटायची. दादालाही वाटायची. मला पहिली काही वर्षं वाटली.

दादाचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्याने हे काम सोडायचं ठरवलं. सोबत्यांनी बोकड कापला, भाषणं केली, त्याला एक घड्याळ दिलं. त्या रविवारी चर्चमधून आल्यावर आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. दादा खुशीत होता. वहिनीला म्हणाला, इतकी वर्षं तू माझी वाट बघितलीस, आता तुझी पाळी, सांग तुला काय हवं. त्याच्या मनात पाण्याची टाकी होती, किंवा गॅसची शेगडी. तशी त्याने मला आधीच कल्पना दिली होती.

वहिनी म्हणाली, "मला वर न्या."

"वर कुठे?"

"तुम्ही जायचात तिथे."

दादा हसला. "तिथे काय आहे? दगड आहेत आणि थंडी आहे. चहासुद्धा बाजारातल्यापेक्षा वाईट."

"पोरगा गेला त्या दिवशी तुम्ही जिथे होतात, ती जागा मला बघायची आहे," वहिनी म्हणाली. "शिखर नको. बर्फ नको. तेवढी जागा दाखवा."

मी म्तोरी वाढत होते. केळ्यामटणाचं ते सूप पळीतून माझ्या पायावर सांडलं आणि मला कळलंसुद्धा नाही.  दादा म्हणाला, "बरं."

मग जी तयारी सुरू झाली तशी मी दादाला कुणासाठीही करताना पाहिली नव्हती. परक्या माणसांची सफर तो एका पायावर उभं राहून आखायचा. कुठल्या दिवशी कुठला मुक्काम, किती माणसं, किती ओझी, सगळं त्याच्या बोटांवर असायचं. वहिनीसाठी मात्र तो आठवडे घालवत राहिला. जेवणं झाली की चटईवर हंडी उपडी घालायचा, ती किबो. शेजारी टवका उडालेली उखळी, ती मावेंझी. मधे धान्य पाखडायचं सूप आडवं ठेवायचा, म्हणजे दोन शिखरांमधलं ते उजाड पठार. मग घेवड्याचे दाणे घेऊन मुक्काम मांडायचा. जंगलातल्या मंदाराच्या झोपड्या, जंगल संपल्यावर होरोम्बो, आणि हंडीच्या बुडाशी शेवटची ती दगडी झोपडी. मांडायचा आणि पुन्हा उचलायचा. इथे चढ जास्त होतोय, इथे तिला दम लागेल, होरोम्बोला एक दिवस जास्त राहू.

"आराम करायला डोंगरावर कशाला जायचं?" वहिनी म्हणायची. "घरी खाट आहे."

"सावकाश चढलं की डोंगर काही करत नाही."

"डोक्यावर केळी घेऊन मी जन्मभर चढउतार केली, आणि हे मला चालायला शिकवतात. वन्सं, ऐकताय ना?"

मी ऐकत होते. इतक्या वर्षांत ती दोघं एका चटईवर बसून एका गोष्टीवर इतका वेळ भांडलेली मी पाहिली नव्हती. बरं वाटत होतं.

बूट आणले. पाय रुळायला हवेत म्हणून दादाने तिला ते रोज घालायला लावले. ती बूट घालून गाईचं दूध काढायची, बूट घालून पाटावर धुणं धुवायची. बाजारात आली तर बायकांनी हैराण केलं. एकजण म्हणाली, "हाइकाच्या आई, पोलिसात लागलीस की काय?" वहिनी म्हणाली, "हो. पहिला हप्ता तुझ्याच टोपलीतून घेणार." आणि खरंच तिच्या टोपलीतला एक पिकलेला आंबा उचलून खाल्लाही. रोज सकाळी दादा तिला जंगलाच्या तोंडापर्यंत चालवत न्यायचा. रिकाम्या हातांनी नुसतं चालायचं याची तिला लाज वाटायची, म्हणून येताना ती गाईसाठी गवताचा भारा घेऊन यायची. पँट घालायला तयार होईना. शेवटी पँटवरून नेहमीचं नेसायचं कापड, कांगा, गुंडाळायचा, अशी तोड निघाली.

दादाचा जुना सोबती अनाएली हातातलं दुसरं काम सोडून आला. पोरसवदा हमाल असताना तो दादाच्या हाताखाली लागला होता, आणि तेव्हापासून डोंगरावरून उतरला की पहिलं जेवण वहिनीच्या हातचं जेवायचा. बायको केली तरी ती सवय सुटली नाही. आणखी तीनचार जुने सोबतीही आले. वहिनीची पिशवी कुणी उचलायची यावरून त्यांची जुंपली. वहिनी त्या सगळ्यांसाठी केळीघेवड्याची डबाभर उसळ बांधत होती, दादा ती पिशवीतून बाहेर काढत होता, ती पुन्हा आत घालत होती.

मग एके दिवशी दादाने तिला समोर बसवलं आणि विरळ हवेतल्या दुखण्याचं सांगायला सुरुवात केली. डोकं दुखलं तर सांगायचं, मळमळलं तर सांगायचं, खोकला आला तर सांगायचं. वहिनी खुदकन हसली. गाईडच्या परीक्षेला बसायचं होतं तेव्हा दादाला वाचायचा कंटाळा होता. तेव्हा पुस्तक वहिनीच्या मांडीवर असायचं. ती चुलीपुढे बसून प्रश्न विचारायची, आणि उत्तर चुकलं की पळीने त्याच्या गुडघ्यावर मारायची. आता तिने एका दमात सगळं म्हणून दाखवलं. आधी काय होतं, नंतर काय होतं, गाईडने सकाळ संध्याकाळ काय विचारायचं, काय बघायचं, कधी माघारी फिरवायचं. दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "हिला मी काय शिकवणार? ही तर माझी मास्तरीण." त्याला तिचा फार अभिमान वाटला त्या दिवशी.

जानेवारीतलं कोरडं ऊन पडलं होतं तेव्हा ते निघाले. हाइकाचा फोन आला होता, या वयात हे काय खूळ म्हणून. वहिनी तिला म्हणाली, "तुझ्या वयाची होते तेव्हाच गेले असते. पण तेव्हा तुझे बाबा घरी होते कुठे?" मी डोंगरवाटेच्या फाटकापर्यंत पोचवायला गेले. तिथे तिने मला गाईचं सांगितलं, कोंबड्यांचं सांगितलं, लाल कोंबडी अंडी लपवते ती जागा सांगितली. मग म्हणाली, "वन्सं, सवतीला काही निरोप?"

मी म्हटलं, "सांग, आता आमचा माणूस परत मागू नकोस."

ती हसली. पँटवरचा कांगा नीट केला आणि दादाच्या मागे झाडांत शिरली.

यापुढचं मला दादाने सांगितलं आणि अनाएलीने सांगितलं. एका वेळी नाही. कधी एक तुकडा, कधी दुसरा.

पहिले दोन दिवस वहिनीने सगळ्यांना हसवत ठेवलं. वाटेत भेटणाऱ्या हमालांतले निम्मे तिच्या ओळखीचे निघाले. कुणाला ती बारशापासून ओळखत होती, कुणाच्या आईशी तिचं बाजारातलं भांडण होतं. जंगल मागे पडलं, झाडं खुजी झाली, मग झाडंच संपली. दादा सकाळ संध्याकाळ तिला विचारायचा. डोकं? "जागेवर आहे." जेवण? त्याच्यासमोर ताट पुसून दाखवायची. झोप? "तुमच्या घोरण्यात जेवढी लागते तेवढी." दादा तिचे डोळे बघायचा, पावलं बघायचा. सगळं ठीक दिसायचं.

माझ्या दादाने मोठमोठ्या माणसांना शिखराच्या तोंडाशी नेऊन परत आणलं होतं. तो आम्हाला सांगायचा, वर सगळेच खोटं बोलतात. इतक्या लांबून आलेले असतात, घरी फोटो दाखवायचे असतात, म्हणून डोकं फुटत असलं तरी हसतात. कुठल्याही देशाचा माणूस असो, त्याचं खोटं मी ओळखतो, म्हणायचा. खरंही होतं ते. पण ती सगळी परकी माणसं होती. वहिनीला त्याचा प्रत्येक प्रश्न ठाऊक होता, आणि त्या प्रश्नामागे त्याची नजर कुठे जाणार तेही.

होरोम्बोहून ते पठारावर निघाले. तिथे नुसती माती, दगड आणि वारा. शेवटची झोपडी फार लांबून दिसायला लागते, आणि कितीही चाललं तरी जवळ येत नाही. वाटेत वहिनी आडोशाला म्हणून एका मोठ्या खडकामागे गेली. वेळ लागला म्हणून दादाने अनाएलीला हाक मारून बघायला सांगितलं. अनाएली खोकून, पाय वाजवत गेला. ती खडकाला हात टेकून ओकत होती. कांग्याच्या टोकाने तोंड पुसून तिने वर बघितलं.

"वहिनी, मी दादांना सांगतो," अनाएली म्हणाला.

"सांगितलंस तर ते इथूनच फिरवतील."

"फिरवायलाच पाहिजे."

"अनाएली, माझ्या हातचं किती वर्षं खाल्लंस? मी कधी तुझ्याकडे काही मागितलं?" तिने झोपडीकडे बोट केलं. "ती बघ, दिसतेय. तिथपर्यंत चालू दे. मग तूच सांग त्यांना."

अनाएली म्हणतो, त्याने झोपडीकडे बघितलं आणि त्याला ती जवळ वाटली. इतकी वर्षं ते पठार तुडवलेल्या माणसाला ती जवळ वाटली. तो परत आला आणि दादाला म्हणाला, काही नाही, बुटाची नाडी सुटली होती.

दुपारी ते पोचले. आभाळ स्वच्छ होतं. दगडी झोपडीसमोर वहिनी उभी राहिली आणि तिने विचारलं, "इथे?"

"इथे," दादा म्हणाला. "त्या दिवशी आम्ही शिखरावरून परत आलो होतो. मी लोकांसाठी चहा करत होतो. इथे, या भिंतीपाशी. बहुतेक हसत असेन कशावरून तरी."

हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. मलाही नव्हतं.

वहिनी भिंतीपाशी बसली. खाली बघत म्हणाली, "आपलं घर कुठे?"

दादाने हात केला. तिकडे पठार होतं, त्यापलीकडे डोंगराची कड, आणि कडेपलीकडे ढग.

"ढग नसले की दिसतं?"

"नाही. मधे डोंगराचीच कड येते. इथून घर कधीच दिसत नाही."

 ती म्हणाली, "मला वाटायचं दिसत असेल. आम्हाला हे रोज दिसतं ना अंगणातून, म्हणून वाटायचं. पोराला घरघर लागली तेव्हा मी चुलीत ओली पानं घातली होती. खूप धूर केला. म्हटलं, तुम्ही बघाल आणि याल."

दादा तिच्यापुढे जमिनीवर बसला आणि रडला. पोराला माती दिलेली जागा बघून तो रडला नव्हता, तो तिथे रडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, दिसतच नाही तर तुम्ही तरी काय करणार. इतकं म्हणेपर्यंत तिला खोकला आला, आणि तो थांबेना. दादाने मान वर करून बघितलं तर तिचे ओठ निळे पडले होते.

त्या क्षणी त्याला सगळं कळलं. तो एकदम पूर्वीचा गाईड झाला, असं अनाएली सांगतो. आवाज नाही, धावपळ नाही. माणसं हाकारली, ऑक्सिजनची नळी लावली, एका चाकाची डोली मागवली, वहिनीला बांधलं. बांधता बांधता विचारलं, "कधीपासून?"

"होरोम्बोपासून."

"तिथे तर एक दिवस जास्त राहिलो होतो."

"त्या दिवशीही."

"मला का नाही सांगितलंस?"

वहिनीला धड श्वास घेता येत नव्हता, पण ती म्हणाली, "सांगितलं असतं तर आणलं असतं का?" थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "उत्तरं तर मीच पाठ करून घेतली होती तुमच्याकडून." दादा सांगतो की ती हसली. अनाएली सांगतो की ते हसू नव्हतं.

चार जण डोली घेऊन पळाले. दादा बाजूला तिचा हात धरून पळत होता, कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनी. खाली उतरवणं हेच त्यावर औषध, बाकी काही नाही. पण पठार उताराचं नाही, ते सपाट आहे, आणि त्या दिवशी ते संपेना. खालून ढग वर आले आणि त्यांच्यावर पसरले. त्या धुक्यातच कुठेतरी वहिनीचा श्वास थांबला. डोली धरणाऱ्या चौघांनाही ते कळलं, अनाएलीलाही कळलं. पण दादा पळत होता, तिच्याशी बोलत होता, सावकाश, मंका, आता थोडंच राहिलं, म्हणून. त्याला थांब म्हणायला कुणाची जीभ उचलली नाही. म्हणून ते सगळे तसेच पळत राहिले.

हाइका दोदोमाहून आली. आईला बघितलं, आणि बापाकडे वळून एकच वाक्य बोलली. "तुम्ही गाईड होतात ना, बाबा?" दादाने मान हलवली, कुणी नाव घेऊन 'तूच का तो' विचारल्यावर माणूस हलवतो तशी. वाडीत पोराच्या शेजारी वहिनीला ठेवलं. बाजारातल्या सगळ्या बायका त्या दिवशी टोपल्या बाजारात उपड्या ठेवून आल्या.

माती द्यायला सगळे सोबती होते, अनाएली नव्हता. दुखवट्याचे दिवस सरले तरी तो आला नाही. लोक म्हणाले, आजारी आहे. मग एका सकाळी तो वाडीच्या कुंपणाशी उभा दिसला. सोबत त्याच्या घराण्यातले एक म्हातारे गृहस्थ होते, आणि अनाएलीच्या हातात इसालेचं पान होतं. आमच्याकडे प्रत्येक कुंपणाला इसालेची झाडं असतात, पण कुणी पान खुडून गाठ मारून हातात धरून आला, की तो माफी मागायला आला असं समजायचं. त्याला नाही म्हणायचं नसतं. आमच्या बापजाद्यांनी त्या पानावर खूनसुद्धा माफ केले आहेत.

दादा कॉफीची झाडं छाटत होता. कोयता हातात तसाच होता. मला धडकी भरली, कारण मला वाटलं याला काहीतरी आधीच ठाऊक आहे. पण त्याला काही ठाऊक नव्हतं. अनाएलीने उभ्याउभ्या सगळं सांगितलं, खडकामागचं, नाडीचं खोटं, सगळं. सांगताना त्याने एकदाही मान खाली घातली नाही. ऐकून झाल्यावर दादाने कोयता झाडाला टेकवून ठेवला, पुढे जाऊन पान हातात घेतलं आणि म्हणाला, "माफ केलं."

मी केळ्याच्या दारूचा भोपळा आणला, कारण त्यानंतर एकत्र प्यायची रीत आहे. म्हातारा प्यायला, अनाएली प्यायला. दादाने भोपळा हातात धरून ठेवला. दुसऱ्या हातात पान होतं. पानाकडे बघत तो म्हणाला, "हे घेऊन आता मी कोणाकडे जाऊ?"

अनाएली रडायला लागला. म्हातारा कुंपणावरच्या इसालेकडे बघायला लागला. रीतीभाती सगळ्या ठाऊक असलेला माणूस होता तो.

याला आता बरीच वर्षं झाली. हाइकाचा राग पुढे निवला. ती बापाला दोदोमाला घेऊन गेली, नातवंडांत ठेवून बघितलं. कॉफीच्या तोडणीला तो परत आला आणि मग गेला नाही. ती दर सुट्टीत येते आणि त्याची नखं कापून देते. अनाएली अजून डोंगरावर जातो. म्हणतात की आता तो फार कडक झाला आहे, कुणी नुसतं शिंकलं तरी माघारी फिरवतो, म्हणून त्याला काम कमी मिळतं. बाजारात एकदा एक बाई माझ्या कानावर पडेल असं बोलली, की एलिसारियाने बायको डोंगराला दिली. मी तिची टोपली उचलून पाटात टाकली. वहिनी असती तर तिने हसवून गप्प केलं असतं, मला ते जमत नाही.

दादा माझ्याकडेच जेवतो. बोलतो कमी. गेल्या पावसाळ्यात एकदा जेवताना त्याने आपण होऊन सुरुवात केली. होरोम्बोला ते एक दिवस जास्त राहिले होते, त्या दिवसाचं. तो दिवस त्याने मला कधी सांगितला नव्हता. म्हणाला, त्या दिवशी आम्हाला काहीच काम नव्हतं. पांढऱ्याकाळ्या पट्ट्यांचे खडक आहेत तिथपर्यंत गेलो आणि उन्हात बसलो. खाली सगळे ढगच ढग. लग्न झाल्यापासून असे दोघंच, रिकामे, कधी बसलो नव्हतो. ती एकेका माणसाच्या नकला करून दाखवत होती, पाद्र्याची, तुझी, माझी. मी इतका हसलो की ओझी घेऊन जाणारे लोक थांबून बघायला लागले. तीही हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

मग त्याने ताट बाजूला सारलं.

"तेव्हा तिचं डोकं दुखत होतं," तो म्हणाला. "ती नंतर बोलली ना, त्या दिवशीही म्हणून. मग ते हसणं मला दाखवायला होतं का ग? तू बाई आहेस, तू तिच्याशेजारी इतकी वर्षं बसलीस. तू सांग. हसत होती ते खरं होतं का?"

मी काय सांगणार होते? मी तिथे नव्हते. वहिनी बाजारात दुखऱ्या दाढेनेही हसायची, तेही मी पाहिलं आहे.

"खरं होतं," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे नीट बघितलं, डोळ्यांत, पूर्वी लोकांच्या डोळ्यांत बघायचा तसं. मी नजर हलवली नाही. मग त्याने ताट पुन्हा पुढे ओढलं आणि जेवायला लागला.